लाखाचे स्पीकर आणि दहा बाय चौदाचा हॉल

आमच्या हॉलमध्ये गेली काही वर्षे व्हार्फडेल डायमंड १२.१ ही बुकशेल्फ स्पीकरची जोडी आहे. तिच्याबद्दल माझ्या दोन तक्रारी होत्या. डग्ग्याचा घुमारा एखाद्या ठोक्यावर अकारण फुगतो, आणि स्त्रीचा आवाज तार सप्तकाकडे जाताना थोडा मागे सरकल्यासारखा वाटतो. अशा वेळी जाणकार मित्रांकडून एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे स्पीकर बदलण्याचा. माझ्या बाबतीत हा सल्ला केईएफ कंपनीच्या एलएस५० मेटा या जोडीपाशी येऊन थांबला. आपल्याकडे तिची किंमत लाखाच्या वर जाते, म्हणजे माझ्या जोडीला मी मोजलेल्या रकमेच्या तिपटीहून अधिक. सुदैवाने एका मित्राकडे हीच जोडी आहे. तो महिनाभर बंगळुरूला जाणार होता आणि जाताना दोन्ही खोकी त्याने माझ्याकडे ठेवली. हा मजकूर त्या महिन्याच्या तुलनेवर आधारलेला आहे.

त्याआधी एका दुकानात जाऊन मी हीच तुलना केली होती, आणि ती निरुपयोगी ठरली. विक्रेत्याने प्रथम स्वस्त जोडी वाजवली, मग महाग जोडीकडे वळताना ॲम्प्लिफायरची घुंडी बरीच पुढे फिरवली आणि सांगितले, ‘ह्याला थोडी ताकद लागते, साहेब.’ हे विधान खोटे नव्हते. डायमंड १२.१ची संवेदनशीलता ८८ डेसिबल सांगितली जाते आणि एलएस५० मेटाची ८५ डेसिबल, म्हणजे तेवढाच मोठा आवाज काढण्यासाठी दुसऱ्या जोडीला दुप्पट वीज द्यावी लागते. परंतु घुंडी किती फिरवावी याचे माप त्या दुकानात कोणापाशीच नव्हते, आणि दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा असतो तोच कानाला अधिक स्वच्छ, अधिक भरीव वाटतो. तो मोठा आहे हे आपल्या लक्षातही येत नाही, फक्त तो आवडतो. म्हणून घरी प्रत्येक तुलनेपूर्वी बैठकीच्या जागी मापन-माइक ठेवून दोन्ही जोड्यांचा आवाज अर्ध्या डेसिबलच्या आत सारखा करून घेतला. माइक यूएसबीचा आणि उधार आणलेला होता. त्याच्याबरोबर चालणारी रूम ईक्यू विझार्ड ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते.

दुसरी काळजी डोळ्यांची घ्यावी लागते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४मध्ये हार्मन कंपनीत केलेला प्रयोग या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. तेच स्पीकर तेच श्रोते पडद्याआडून ऐकताना एक पसंती देत आणि समोर पाहून ऐकताना दुसरी, आणि आपले कान तयार आहेत असे मानणारेही त्याला अपवाद नव्हते. एलएस५० मेटा दिसायला इतकी देखणी आहे की तिच्याविषयी वाईट बोलायला जीभ धजत नाही. त्यामुळे दोन्ही जोड्यांसमोर पातळ सुती पडदा बांधला आणि तारा बदलण्याचे काम मुलीकडे दिले. तिला पहिल्या दोन दिवसांत या कामाचा कंटाळा आला, हेही नोंदवले पाहिजे.

आता मूळ तक्रारींकडे येतो. माझे जुने स्पीकर भिंतीतील शोकेसच्या वरच्या कप्प्यात, जमिनीपासून पाच फुटांवर बसवलेले होते. आपल्या घरांत बहुतेक ठिकाणी ते तिथेच असतात, कारण खाली जागा नसते आणि ‘बुकशेल्फ’ या नावातच कप्पा आहे. उंच स्वर काढणारा भाग, म्हणजे ट्वीटर, स्पीकरमध्ये वर असल्याने तो जमिनीपासून पावणेसहा फुटांवर जात असे. आम्ही मात्र गाणे ऐकतो ते खाली गादी घालून, तक्क्याला टेकून, आणि अशा वेळी कान जमिनीपासून अडीच फुटांवर येतो. साडेअकरा फुटांवरच्या गादीवरून पाहिले तर हा उतार पंधरा-सोळा अंशांचा होतो.

हा कोन ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण साध्या दोन-मार्गी स्पीकरच्या बाबतीत तो महत्त्वाचा आहे. अशा स्पीकरमध्ये खालचे स्वर वूफर आणि वरचे स्वर ट्वीटर काढतो आणि साधारण दोन ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात दोघेही एकच स्वर एकाच वेळी काढत असतात. दोघांची केंद्रे सुमारे चौदा सेंटीमीटर अंतरावर असतात. समोर, ट्वीटरच्या पातळीवर बसलेल्या माणसापर्यंत दोन्ही लहरी हातात हात घालून पोहोचाव्यात अशी आखणी स्पीकर बनवणाऱ्याने केलेली असते. आपण पंधरा-सोळा अंश खाली बसलो की वूफर आपल्याला ट्वीटरपेक्षा जवळजवळ पावणेचार सेंटीमीटर जवळचा होतो. अडीच हजार हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी पावणेचौदा सेंटीमीटर असते, म्हणजे हा फरक पाव तरंगाहून थोडा अधिक भरतो, आणि दोन लहरी एकमेकींना पूर्ण साथ देण्याऐवजी काही अंशी खोडू लागतात. आवाजाची ‘समोर असण्याची’ जाणीव बऱ्याच अंशी याच पट्ट्यातून येते. तार सप्तकात गायिका मागे सरकते ही माझी तक्रार नेमकी येथे येऊन पोहोचली, आणि त्यात व्हार्फडेलचा काही दोष नव्हता. त्यांनी तो स्पीकर पावणेसहा फुटांवर ठेवून जमिनीवर बसून ऐकण्यासाठी केलेलाच नाही.

एलएस५० मेटाची रचना याच ठिकाणी वेगळी आहे. तिच्यात ट्वीटर वूफरच्या मध्यभागी, त्याच्या कंठाशी बसवलेला आहे. केईएफने ‘युनि-क्यू’ या नावाने ही पद्धत १९८८मध्ये आणली. दोन्ही ध्वनी एकाच बिंदूतून निघत असल्यामुळे ऐकणारा वर असो, खाली असो वा बाजूला, दोघांच्या अंतरात फरक पडत नाही. २०१२च्या मूळ एलएस५०ला बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरची, म्हणजे ध्वनिमुद्रण तपासण्याच्या स्पीकरची, प्रेरणा होती, आणि त्या मॉनिटरमध्येही वूफर आणि ट्वीटर केईएफचेच बसवलेले असत. २०२०च्या मेटा आवृत्तीत ट्वीटरच्या पाठीमागे चक्रव्यूहासारख्या नळ्यांची एक चकती घालण्यात आली. ट्वीटरच्या मागून निघणारा नको असलेला आवाज ती ९९ टक्के शोषते, असा कंपनीचा दावा आहे.

साहजिकच पहिल्या आठवड्यात, म्हणजे दोन्ही जोड्या शोकेसमध्ये शेजारी ठेवल्या असताना, फरक एखाद्या मुलालाही कळला असता. पडद्याआडून ओळखण्याच्या खेळात मी बारांपैकी बारा वेळा अचूक ठरलो. आईला या उद्योगाची काहीच कल्पना नव्हती. स्वयंपाकघरातून तिने विचारले, ‘आज ही बाई जरा जवळ येऊन गातेय का रे?’ त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात पैशांची जुळवाजुळव करून टाकली होती.

पण शोकेसमधील तुलना ही व्हार्फडेलला हात बांधून आखाड्यात उतरवण्यासारखी होती. म्हणून दुसऱ्या आठवड्यात आमच्या भागातील एका फॅब्रिकेटरकडून वीस इंच उंचीचे दोन लोखंडी स्टँड करून घेतले. चौकोनी पाइप, वर-खाली जाड पत्रा, आणि पाइप वाजू नये म्हणून आत कोरडी वाळू, असा एकूण साडेतीन हजारांचा मामला झाला. वीस इंचांच्या स्टँडवर ठेवलेल्या स्पीकरचा ट्वीटर जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर येतो, म्हणजे गादीवर बसलेल्या माणसाच्या कानाशी. बाजारात तयार मिळणारे चोवीस इंची स्टँड खुर्चीच्या हिशेबाने केलेले असतात. ज्यांच्याकडे सोफ्यावर बसून ऐकले जाते त्यांनी तेच घ्यावेत. आमच्याकडे पाहुणे सोफ्यावर बसतात तेव्हा स्पीकरच्या पुढच्या कडेखाली रबराचा तुकडा सरकवून त्याचे तोंड किंचित वर केले जाते.

स्टँडवर आल्यानंतर गायिका मागे सरकण्याचा प्रकार जवळजवळ संपला. बारांपैकी बारा हे प्रमाण नऊवर आले आणि त्या नऊंपैकी काही वेळा मी तानपुऱ्याच्या आधाराने ओळखत होतो, गळ्याच्या नव्हे. तानपुऱ्याबद्दल पुढे लिहितो, कारण खरा फरक तिथे शिल्लक राहिला.

घुमाऱ्याची तक्रार याहून बोधप्रद निघाली. पहिल्या आठवड्यात माझी खात्री झाली होती की महाग स्पीकरचा खर्ज ‘स्वच्छ’ आहे, त्यात डग्गा फुगत नाही. नंतर आकडे पाहिले. एलएस५० मेटाचा आवाज ७९ हर्ट्झपाशी तीन डेसिबलने खाली येतो, तर डायमंड १२.१ ही मर्यादा ६५ हर्ट्झपर्यंत नेतो. म्हणजे कागदावर तरी स्वस्त जोडी अधिक खाली उतरते. आमचा हॉल दहा बाय चौदा फुटांचा आहे. चौदा फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४० आणि ८० हर्ट्झचे स्वर उभ्या लहरी धरतात, म्हणजे भिंतींमध्ये अडकून काही जागी फुगतात आणि काही जागी विरतात, आणि त्यांचा जोर नेमका भिंतींपाशी सर्वाधिक असतो. आमची गादी मागच्या भिंतीला लावलेली होती. डोके भिंतीला टेकून ऐकणाऱ्या माणसाला ८० हर्ट्झचा फुगवटा पूर्णपणे मिळत होता. व्हार्फडेल त्या स्वराला प्रामाणिकपणे पूर्ण जोर देत होते, आणि केईएफ तेथे आधीच तीन डेसिबलने थकलेले होते. ज्याला मी स्वच्छता समजत होतो ती उणीव होती, आणि खोलीच्या दोषावर ती योगायोगाने उतारा ठरत होती.

याची परीक्षा घेणे सोपे होते. गादी मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढली. हिशेबाने ८० हर्ट्झचा जोर तेथे सुमारे चार डेसिबलने कमी व्हायला हवा, आणि माइकनेही त्याच्या आसपासचा आकडा दाखवला. साडेतीन फुटांवर तो जवळजवळ नाहीसाच होतो, परंतु मग माणसे हॉलच्या मधोमध बसतात आणि स्वयंपाकघरात जाणाऱ्याला पाय ओलांडून जावे लागते. दोन फुटांवर घरात तह झाला. दुसरी परीक्षा म्हणून व्हार्फडेलच्या पोर्टमध्ये, म्हणजे खर्जाला जोर देणाऱ्या भोकात, एक-एक पायमोजा कोंबून ऐकले, तेव्हा त्यांचा खर्जही केईएफसारखाच सडपातळ आणि ‘स्वच्छ’ झाला. ही युक्ती कोणीही रात्री दहानंतर शेजाऱ्यांच्या भल्यासाठी करून पाहावी.

स्टँडने एक नवी खोटही आणली. स्पीकरचे तोंड त्याच्या पाठीमागच्या भिंतीपासून साठ सेंटीमीटर अंतरावर आले की भिंतीवरून परतणारी लहर १४० हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीला खोडते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य सप्तकातील षड्ज १३८ हर्ट्झच्या जरा वर असतो, त्यामुळे गायकाने षड्जावर येऊन ठाण मांडावे आणि नेमका तोच स्वर पोकळ व्हावा, असा विचित्र प्रकार दोन दिवस चालला. स्टँड मागे ढकलून अंतर पंचेचाळीस सेंटीमीटर केले तेव्हा हा खळगा वर सरकला आणि उथळ झाला, पूर्ण पुसला मात्र गेला नाही. दोन्ही जोड्यांवर तो सारखाच होता. लाख रुपयांनी भिंत हलत नाही.

आता तानपुरा. स्टँड, गादी आणि आवाजाची पातळी या तिन्ही गोष्टी सारख्या केल्यावर जो फरक उरला तो कमी आहे, पण खरा आहे, आणि तो पैशांचा आहे. व्हार्फडेलवर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणझणता झंकार, एक सुंदर सलग गुंजारव म्हणून ऐकू येते. केईएफवर त्या गुंजारवात तारा वेगळ्या होतात, छेडल्यानंतर वरचे स्वयंभू, म्हणजे मूळ स्वरातून आपोआप उमटणारे, स्वर एकामागून एक उमलताना ऐकू येतात, आणि मैफलीत दोन तानपुरे असतील तर डावा कोणता आणि उजवा कोणता हे डोळे मिटून सांगता येते. हार्मोनियम आणि गळा एकाच स्वरावर आले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. सारंगीच्या मींडेत गजाचा खरखरीतपणा आणि स्वर हे दोन्ही स्वतंत्रपणे जाणवतात. शिवाय गादीवर तिघे बसले असता कडेला बसलेल्यालाही गायक मधोमधच्या जवळपास दिसतो. व्हार्फडेलवर कडेचा माणूस जवळच्या स्पीकरचा होऊन जातो. आमच्यासारख्या, एकत्र बसून ऐकणाऱ्या घरात मला हा गुण जवारीपेक्षाही मोलाचा वाटतो, आणि महिनाभरात मोह झाला तो येथेच.

याची दुसरी बाजू चित्रपटसंगीत आणि ढोल-ताशा यांच्या ध्वनिमुद्रणांत उघड होते. सव्वापाच इंची वूफर जेव्हा खर्जासाठी जोरात पुढे-मागे हलतो तेव्हा त्याच्या कंठात बसलेल्या ट्वीटरभोवतीची भिंतच हलत असते, आणि मोठ्या आवाजात वरच्या स्वरांना किंचित धूसरपणा येतो. ढोलाची थाप पोटात लागावी अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांच्यासाठी एलएस५० मेटा एकटी पुरेशी नाही. तिला केवळ खर्जासाठी असलेल्या वेगळ्या सबवूफरची जोड द्यावी लागेल, आणि मग खर्च आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी या दोन्हींचा विचार करावा लागेल. माझ्या जुन्या जोडीने याच कामात नव्या जोडीला मागे टाकले, आणि आमच्या मुलीने पडदा न काढताच आपला कौल तिला दिला.

ॲम्प्लिफायरबद्दल बरीच भीती घातली जाते, म्हणून थोडे लिहितो. माझा ॲम्प्लिफायर पन्नास वॅटचा आहे. केईएफला एक वॅट दिला तर एक मीटरवर ८५ डेसिबल मिळतात. तीन मीटरवरच्या गादीपर्यंत त्यातले नऊ-दहा कमी होतात, दोन स्पीकर मिळून तीन परत येतात, आणि खोली आपली थोडी भर घालते. म्हणजे एका वॅटमध्ये ऐंशीच्या आसपास आवाज मिळतो, आणि फ्लॅटमध्ये एवढ्या आवाजात दार न वाजता गाणे संपले तर ते नशीब. पन्नास वॅट याच्या सतरा डेसिबल पुढे जातात. तेव्हा स्पीकर घेण्यापूर्वी शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावाच लागतो हे खरे नाही. पाहायचे ते एवढेच की या स्पीकरचा विद्युत रोध कागदावर ८ ओहम असला तरी काही स्वरांवर साडेतीन ओहमपर्यंत उतरतो. ज्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ‘किमान ६ ओहम’ असे छापलेले असेल तो मोठ्या आवाजात तापेल. तारांबद्दल मी काही लिहिणार नाही. साधी जाड तांब्याची तार दोन्ही जोड्यांना वापरली आणि तीच पुढेही राहील.

निर्णयापुरते सांगायचे तर मी एलएस५० मेटा घेतलेली नाही. माझ्या दोन तक्रारींपैकी एक उंचीची होती आणि दुसरी गादीची. स्पीकर बदलून दोन्हींवर फक्त पांघरूण पडले असते, आणि दुसरीवर तर खर्ज गमावून. ज्या गुणासाठी ही जोडी घ्यावी तो, म्हणजे जवारीचा उलगडा आणि कडेच्या माणसाला मिळणारा न्याय, आमच्या ऐकण्यात आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी उपयोगी पडतो. उरलेल्या वेळी हॉलमध्ये दूरदर्शन संच, कुकरच्या शिट्ट्या आणि पंखा असतो. ज्यांच्याकडे दार बंद करून बसता येईल अशी खोली आहे, जे प्रामुख्याने गायन आणि तंतुवाद्ये ऐकतात आणि ज्यांनी स्पीकर आधीच कानाच्या उंचीवर, कपाटाबाहेर आणले आहेत, त्यांना या जोडीवर केलेला खर्च वाया गेल्यासारखा वाटणार नाही. ज्यांच्याकडे आज दूरदर्शन संचाचे अंगचे स्पीकर किंवा एखादा साउंडबार आहे, त्यांनी थेट लाखावर उडी न मारता डायमंड १२.१च्या वर्गातील जोडीपासून आरंभ करावा, कारण तेथे मिळणारा फरक या दोन जोड्यांमधील फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मित्र परत आला तेव्हा त्याला दोन्ही जोड्या स्टँडवर ऐकवल्या. तो बराच वेळ गादीवर बसून होता. त्याच्या घरी एलएस५० मेटा अजूनही दूरदर्शन संचाच्या कपाटावर, भिंतीला चिकटून आहेत. जाताना त्याने खोकी गाडीत ठेवली, परत वर आला आणि स्टँडची उंची टेपने मोजून फॅब्रिकेटरचा पत्ता घेऊन गेला.